गिरणीचं पीठ

“वयनी, तांदूळ गिरनीत नका धाडू. आदी कुनाचा गहू दळलेला असतो, तो मिसळतो. घरी जात्यावर दळा,” भांडी घासताना ठमाबाई म्हणाली होती. मी बी.ए. झालेली, चिमूटभर पिठानं काय होतंय, म्हणून हसले. गव्हानं पोट फुगायचं, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी लेकीला, कुंदाला, गहू जन्मभर बंद सांगितला होता. तिला हवं होतं चॉकलेट. पनवेलात मिळालं त्यात बिस्किटाचा चुरा निघाला, म्हणून कोको घालून तांदळाच्या पिठाच्या वड्या थापल्या. “आई, रोज कर हं!” म्हणत तिनं ताटली चाटली. आठवड्यात पोट पुन्हा फुगलं, जुलाब लागले. पीठ गिरणीचं होतं. आता जात्यावर मीच दळते. खांदे भरून येतात. आज वड्यांचा डबा घेऊन कुंदा शाळेत गेलीय. मैत्रिणी बिस्किटं पुढे करतात. शाळेवरून जाणार असाल, तर तिच्या मुठीत काय आहे, तेवढं बघाल का?