गोठ्याचं शेवटचं चीज

घंगाळातलं दूध नुकतंच थिजायला लागलं होतं, तेवढ्यात फाटकापाशी जोसायाचा आवाज चढला. टॅबिथाने घंगाळावर फडकं टाकलं आणि ती खिडकीशी गेली.

तिचा नवरा फाटक अडवून उभा होता. हातात गवत उचलायचा लोखंडी काटा. समोर गुरांच्या साथीचा सरकारी इन्स्पेक्टर ब्रेर्टन, त्याच्या मागे कुऱ्हाडी घेतलेले दोन गडी.

"एकच गाय आजारी आहे, साहेब. तिला न्या. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"एकीला लागण झाली की सगळा गोठा मारायचा. अख्ख्या चेशरमध्ये हेच चाललंय, ऑल्कॉक. मला काय हौस आहे?"

"अहो, सकाळी भरभरून दूध दिलंय त्यांनी! आत त्याच दुधाचं चीज लावलंय. या, डोळ्यांनी बघा!"

"बाजूला व्हा."

जोसायाने काटा त्याच्या छातीला टेकवला. गड्यांनी कुऱ्हाडी उचलल्या.

"आधी सांगा, कळवलं कुणी? ओढ्याखालच्या डटननेच ना? बाजारात आमचं चीज त्याच्या आधी उचललं जातं, ते खुपतं त्याला. तुमचं झालं की त्याच्याच दारात जातो हा काटा घेऊन."

इन्स्पेक्टरची नजर खिडकीकडे वळली.

टॅबिथा बाहेर आली.

"डटनने नाही," ती म्हणाली. "मी कळवलं."

जोसायाला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू? अगं, एकेकीचं नाव तू ठेवलंयस."

"हो. पण आपल्या ओढ्याचं पाणी खाली डटनची गुरं पितात. ती अजून धड आहेत, जोसाया."

काट्याची टोकं आता तिच्याकडे वळली होती. ती हलली नाही. कुणीच हललं नाही. मग काटा चिखलात पडला आणि जोसाया फाटकातून बाजूला झाला.

टॅबिथा आत गेली. दूध चांगलं थिजलं होतं. आता ते कापायलाच हवं होतं. तिने लांब सुरी घेतली आणि उभे छेद द्यायला सुरुवात केली. बाहेर एक गाय हंबरली. पहिला घाव ऐकू आला तशी सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली, आडवी. घाव पडतच राहिले.

कधीतरी सगळं शांत झालं. दार करकरलं. जोसाया उंबऱ्यात उभा होता. टॅबिथाने मान वर केली नाही. नुसते खांदे आवळून घेतले.

तो बादलीपाशी गेला. बराच वेळ हात धूत राहिला. मग बाह्या सरसावून तिच्या समोर येऊन उभा राहिला. लग्नानंतर या खोलीत तो कामासाठी कधी आला नव्हता.

"मीठ टाकू?" त्याने विचारलं.

"एवढ्यात नको," टॅबिथा म्हणाली. "आधी पाणी निथळू दे."