शेपटीची गाठ

"नाकावरचा ठिपका माझा, छत्री माझी, डोळ्यांतला माजसुद्धा माझा," भिंगरी फोन दादाच्या नाकाशी नाचवत म्हणाली. "नुसती पँट चढवली आणि झाली त्याची?"

फोनवर तिचीच मांजर होती. शाळेत मागच्या बाकावर बसून जन्माला घातलेली, छत्री घेऊन फिरणारी, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारणारी. कुणीतरी तिला पँट घातली होती, निळीची जांभळी केली होती, टोमणे बदलले होते आणि स्टिकर करून एका ऑनलाइन पेजवर विकायला काढली होती. भिंगरीनं त्या पेजवर जाब विचारला, तर उत्तर आलं, "बदल केलेत. आता ही वेगळी मांजर."

नेमकी हीच मांजर मुलांच्या मासिकात दर महिन्याला येणार होती. संपादकबाई फोनवर गोड बोलल्या, पण बोलल्या त्या बोलल्याच. "बाळा, ज्यानं कुणी केलंय त्याला आधी आवर. असल्या भानगडीत आम्ही छापणार नाही."

भिंगरीच्या मस्तकात तिडीक गेली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. स्टिकरवरची काही चित्रं अजून कुठेच छापलेली नव्हती. घराबाहेर ती पाहिली होती दोघींनीच. तिची जिवाची मैत्रीण ढापणी, आणि चित्रकलेच्या बाई.

"सोडायचं नाही," दादा म्हणाला. तिच्याइतकाच तोही पेटला होता. तिच्या चित्रांत कॉम्प्युटरवर रंग तोच भरायचा आणि बदल्यात स्वतःची भांडी तिच्याकडून घासून घ्यायचा. "सापळा लाव. एकच चित्र दोनदा काढ. एकात शेपटीला गाठ, दुसऱ्यात छत्रीला भोक. गाठवाली ढापणीला दे, भोकवाली बाईंना. जी पेजवर येईल तिची मालकीण चोर."

"दादा, तू एवढा हुशार कधी झालास?"

"भांडी घासायची नसली की डोकं चालतं."

तिनं चित्रं काढली, त्यानं रंगवून छापून दिली. पाकिटांवर नावंही त्यानंच घातली, तिचं अक्षर कोंबडीचे पाय म्हणून. शुक्रवारी सकाळी शाळेच्या घाईत, तोंडात रिबन आणि एका पायात मोजा अशा अवतारात, भिंगरीनं चित्रं पाकिटांत कोंबली आणि डिंकानं चिकटवली. ढापणीला तिचं पाकीट मिळालं. बाई रजेवर होत्या, त्यांचं पाकीट दप्तरातच राहिलं.

रविवारी नवीन स्टिकर आलं. मांजर जांभळी, अंगात पँट, आणि शेपटीला गाठ.

"बघितलंस?" दादा हळूच म्हणाला. "मला पहिल्यापासून शंका होती तिची. दप्तर घे, त्यातल्या तिच्या सगळ्या वह्या तिच्या तोंडावर फेकून ये."

ढापणीच्या घरी पोचेपर्यंत भिंगरीचे कान तापून लाल झाले होते. ढापणी गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"माझ्या डब्यातलं खाल्लंस, माझ्या वहीतून गणितं उतरवलीस, ते चाललं," भिंगरी दारातूनच सुटली. "आता माझी मांजर पण विकून खातेस?"

"काय विकलं मी?"

"साळसूद बनू नकोस. तुला दिलेलं चित्र पेजवर आलंय. काल दिलं, आज आलं."

"तू काल नाही, शुक्रवारी दिलंस," ढापणी म्हणाली. तिनं हातातला ओला टॉवेल बादलीत आपटला. "आणि ते तिथं आहे. मी खळ लावून चिकटवलंय. आई ओरडली त्यावरून. जा, बघ, आणि मग माझ्या घरातून चालती हो."

अभ्यासाच्या टेबलावर, भिंतीला, मांजर दिमाखात उभी होती. तिची शेपटी सरळ होती. छत्रीला भोक होतं.

भिंगरीनं दप्तर जमिनीवर उपडं केलं. वह्या, कंपास, अर्धी खोडरबरं, आणि तळाशी बाईंचं पाकीट. डिंक तसाच, कडक वाळलेला. तिनं ते फाडलं. आतल्या मांजरीच्या शेपटीला गाठ होती.

"म्हणजे घाईत पाकिटं बदलली," ढापणी तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. "पण मग हे तर कुणाला मिळालंच नाही. तुझ्या दप्तरातच होतं. गाठवालं माझ्याकडे आहे असं कोण समजत होतं?"

भिंगरीच्या हातातला फोन थरथरला. दादाचा मेसेज होता.

"कबूल झाली का ती?"