डावीकडची रांग

सतरा. उंच फादरांनी पडदा बोटभर सारून पुन्हा मोजले. सतराच.

गिड्ड्या फादरांच्या जाळीसमोर सतरा माणसं, आणि त्यांच्या स्वतःच्या जाळीसमोर एक बाई. तीही गुडघे दुखतात म्हणून बाकावर टेकलेली. चर्चमध्ये पापनिवेदनाच्या लाकडी खोल्या दोन, डावी आणि उजवी. दोन्हींना पॉलिश एकच, पडदे एकाच ताग्यातले. दोघे फादर बावीस वर्षं एका मठात राहत होते, एका किटलीतला चहा पीत होते, आणि बावीस वर्षं रांग डावीकडेच लागत होती. उंच फादरांचं प्रायश्चित्त रीतसर असायचं. पापाच्या मापाने प्रार्थना, उपास, वर ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन माफी. लोक मान डोलावून ऐकायचे आणि पुढच्या खेपेला डावीकडे उभे राहायचे.

एरवी त्यांनी हे गिळलंही असतं. पण त्यांच्या पंथाच्या संतांच्या खोलीतली जागा रिकामी झाली होती. मुख्य मठातल्या त्या चिंचोळ्या खोलीत बसून संतांनी चाळीस वर्षं लोकांची पापं ऐकली होती. तिथे बसेल त्याच्या गळ्यात संतांचाच विरलेला जांभळा पट्टा पडायचा. या मठातून एक नाव मागवलं होतं, आणि मठप्रमुख ते शुक्रवारी कळवणार होते. उंच फादरांचा त्या खोलीवर दीक्षेच्या दिवसापासून डोळा. संतांच्या सणाचं प्रवचन दरवर्षी तेच करायचे. लोकांचे डोळे भरून यायचे. भरल्या डोळ्यांनी लोक डावीकडे जायचे.

"क्षमा फुकट वाटली की गर्दी व्हायचीच," ते स्वयंपाक्याला म्हणाले.

"वाटू द्या की फादर. तुमच्या पदरचं थोडंच जातंय?"

मंगळवारी त्यांनी पुरावा मिळवायचं ठरवलं. जाळीतून ऐकलेलं फादरांनी मरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. सांगणाऱ्यावर मात्र तसं बंधन नाही. म्हणजे तक्रार करता येईल आणि गिड्डे फादर चकार शब्द काढू शकणार नाहीत. बेत इतका चोख होता की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

शेवटचा माणूस गेल्यावर ते माळ्याचा कोट घालून डावीकडे शिरले. रुमाल तोंडाशी धरला, आवाज घोगरा केला. एखादा खून सांगायचा, असं योजलं होतं. पण जिभेवर तयार होतं तेच बाहेर आलं.

"फादर, मला भावाचा हेवा वाटतो. बावीस वर्षं झाली."

"भाऊ थोरला की धाकटा?"

"बरोबरीचा."

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. तोच तर त्रास आहे."

मग गिड्ड्या फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारले आणि म्हणाले, "एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. तेवढं तुम्ही करा. बाकीचं बघू."

उंच फादर खुशीत बाहेर पडले. बावीस वर्षांच्या पापाला अर्ध्या मिनिटाची प्रार्थना! अन् तीही त्यांनी म्हटली नाही. पुरावा गोळा करायला गेलेल्याने कसलं प्रायश्चित्त करायचं?

शुक्रवारी सकाळी ते प्रमुखांसमोर उभे राहिले. टेबलावर पाकीट होतं, आत कागद कोरा.

"तक्रारी दोन आहेत. हे गृहस्थ कसल्याही पापाला एक प्रार्थना सांगून मोकळे होतात. मी स्वतः जाऊन बघितलंय. दुसरं, बुधवारपासून नाश्त्याला येत नाहीत. मठाची शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

प्रमुखांनी चष्मा काढला. "फादर, सणाच्या प्रवचनात तुम्ही दरवर्षी काय सांगता? संत पाप्याला किती प्रायश्चित्त द्यायचे?"

"एक प्रार्थना. आणि उरलेलं स्वतः..."

"पहाटे उठून गुडघ्यांवर करायचे," प्रमुखांनी वाक्य पुरं केलं. "तुमचं प्रवचन मी आणि त्यांनी, दोघांनीही ऐकलं होतं. मी डोळे पुसले, ते कामाला लागले. आजवर नाश्त्याच्या घंटेपर्यंत त्यांचं उरकायचं. बुधवारपासून उरकत नाहीये. काय आलंय त्यांच्याकडे, ते सांगणार नाहीत आणि मी विचारू शकत नाही. तुम्ही कुठल्या दिवशी गेला होतात?"

"मंगळवारी."

"आणि ती एक प्रार्थना? म्हटलीत?"

उंच फादरांनी पाकीट प्रमुखांकडे सरकवलं. "त्यांचंच नाव घाला," ते म्हणाले. आजवर रांगेचा हेवा होता, आता गुडघ्यांचाही वाटू लागला.

मठाच्या लहान प्रार्थनाघरात गिड्डे फादर पुढच्या बाकाशी गुडघे टेकून होते. मान खाली, हनुवटीवर तीन दिवसांची पांढरी खुंटं. उंच फादर शेजारी टेकले. लाकूड करकरलं. गिड्ड्या फादरांनी मान वर केली नाही, फक्त वीतभर सरकून जागा दिली.

उंच फादरांनी प्रार्थना म्हटली. एकदाच, सावकाश, एकही शब्द न गिळता.

शेवटच्या 'आमेन'ला गिड्ड्या फादरांनी बाकाला धरून स्वतःला वर ओढलं, गुडघे झटकले आणि विचारलं,

"किटलीत चहा उरला असेल का हो?"