बिभीषणची लेन्स

गोरक्षनाथने रुमालाची गाठ सोडून लेन्स काउंटरवर ठेवली.

"बघा भाऊ. अन् बिलकुल खरं सांगा."

सर्जेरावांनी ती लगेच उचलली नाही. "उन्हातून आलास. आधी पाणी घे."

"दुकान चालू हाय म्हना अजून."

"चालू नाही रे. उघडं आहे."

गोरक्षनाथ हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच थकलं. शहागडहून अंबडपर्यंत एसटीत उभ्याने आला होता. साठी उलटलेल्या माणसाला आता कुणी जागा देत नाही.

सर्जेरावांचा स्टुडिओ कोर्टासमोर होता. पासपोर्ट फोटोंवर कसाबसा तग धरून होता. बाकी त्यांच्याकडे येत ते जुन्या लेन्सवाले. ही पहिल्या खेपेची की नंतरची, असं कुठून कुठून लोक मोबाइलवर फोटो पाठवून विचारत. सर्जेराव उत्तर देत आणि मग दिवसभर शंका घेत बसत, आपलं चुकलं तर नाही ना.

"फोनवर सांगितलंस तो माणूस कधी आला?" त्यांनी विचारलं.

"पोळ्याच्या आधी. दारात उभा राह्यला अन् आईला म्हणला, मी तुझा बिभीषण. सगळं गेलं, ही काच तेवढी जपली."

बिभीषण हा गोरक्षनाथचा थोरला भाऊ. ऐंशी सालच्या लग्नसराईत कॅमेरा गळ्यात अडकवून गेला, तो परत आलाच नाही. त्याची रशियन लेन्स घ्यायला सर्जेरावच त्याच्यासोबत औरंगाबादला गेले होते. ती ओळखू शकेल असं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं.

"आणि बायनाबाई मावशी?"

"आईला दिसत न्हाई आता. आवाजावरून वळखलं तिनं त्याला. भाकर दुधात कुस्करून चारायची, लहान लेकरागत. स्वतः बी खाऊन-पिऊन बरी होती."

"तुमच्या वडिलांच्या शेताचा वाटा मागतोय का तो?"

"ते ऱ्हाऊ द्या भाऊ. तुम्ही लेन्स पाहा."

'ते राहू द्या' म्हणणारे भाऊ सर्जेरावांनी कोर्टासमोर जन्मभर पाहिले होते. वाटणीला तेच सगळ्यात पक्के निघत.

त्यांनी लेन्स हातात घेतली, आणि घेतल्या घेतल्या त्यांना कळलं. कडेला एक बारीक खटका होता. बिभीषणच्या लेन्सला खटका नव्हता. तिला पुढे दोन कड्या होत्या, एकीवर एक. फोटो काढून ते आणि बिभीषण घरी आले की बायनाबाई ती लेन्स पदराने पुसायच्या. दोन्ही कड्या फिरवत म्हणायच्या, जात्यावानी फिरतं की रे हे.

तरी त्यांनी भिंग लावलं. आपलं चुकत असेल तर बरं, असं त्यांना वाटत होतं. अशा लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे साल सांगतात. इथे त्र्याऐंशी होतं. बिभीषण गेल्यानंतर बनलेली लेन्स त्याच्या गळ्यात असणार कशी?

बाहेर कुणीतरी वकिलाला हाक मारत होतं. सर्जेराव भिंग डोळ्याला लावून तसेच बसून राहिले. एक आंधळी म्हातारी. चाळीस वर्षांनी तिच्या हातून कुणीतरी भाकर खातंय. आणि इकडे नंबरातले दोन आकडे. आपण एक शब्द बोललो की हा गडी घरी जाऊन त्या माणसाला अंगणातून हाकलणार.

"हीच आहे," ते म्हणाले.

"नीट पाहा."

"पाहिली. बराबर तीच. मी घेऊन दिलेली लेन्स मीच ओळखणार नाही का?"

लेन्सबद्दल ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी भिंग खाली ठेवलं. आता अर्धं शेत जाणार म्हणून हा चिडेल, आरडाओरडा करील, असं त्यांना वाटलं.

गोरक्षनाथ चिडला नाही. फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर तो मटकन बसला. मागे पडद्यावर निळं आभाळ रंगवलेलं होतं.

"मंग आई काहून म्हणली, ही ती न्हाई?"

सर्जेराव भिंग पुसू लागले.

"परवा हातात घेतली. चाचपली. म्हणली, ह्यो खटका कुठला? तवापासून बोलंना झाली. भाकर शिवना. डॉक्टर म्हणतो, आता जे काय करायचं ते जल्दी करा."

"तिचा भ्रम असेल. या वयात—"

"भाऊ." गोरक्षनाथचा आवाज चढला नाही. "तुम्हाला खोटं बोलायची सवय न्हाई. तोंडावर दिसून राह्यलं. फरक काय, तेवढं सांगा."

"तुला काय करायचाय फरक? जाऊ दे अर्धं शेत. तिला सुखात जाऊ दे."

"फरक सांगा."

सर्जेरावांनी चष्मा काढला. भांडायचं बळ त्यांच्यात कधीच नव्हतं.

"ही नंतरची आहे," ते म्हणाले. "खटकावाली. त्याची आधीची होती. तिला खटका नाही, दोन कड्या. दिसायला सारख्याच, पण हाताला फसवता येत नाही." त्यांनी मान खाली घातली. "मी खोटं बोललो, गोरख. घरी आलेला माणूस बिभीषण नाही."

गोरक्षनाथने लेन्स पुन्हा रुमालात बांधली. गाठ नीट बसेना, म्हणून दोनदा बांधली.

"ते म्हाईत हाय मला. परळीहून मीच आणलाय त्याला, आवाज जुळतो म्हणून. ही काच बी मीच घेऊन दिली. तुम्ही ती आधीची लेन्स तेवढी कुठून तरी मिळवून द्या."