नामवानची सोनसाखळी

मुलांनो, समजा तुम्ही करवली आहात आणि दारात आडव्या धरलेल्या सोनसाखळीचं एक टोक तुमच्या हातात आहे. थायलंडमधल्या आमच्या गावात नामवान तशीच उभी होती. दुसरं टोक तिच्या आईकडे होतं. नवरी मालिवान वयानं बरीच मोठी, पण नामवानची जिवाभावाची मैत्रीण. ढोल वाजवत वरात आली. करवलीचं समाधान झाल्याशिवाय नवरदेवाला आत सोडायचं नाही, ही आमची रीत.

"नाच!" नामवान म्हणाली. नवरदेव वीरफोन नाचला.

"कोंबड्यासारखा आरव!" तो आरवला. हसून हसून सगळे बेजार झाले.

मुहूर्त टळायला आला, तरी साखळी हलेना.

"सोड की गं आता!" आई म्हणाली.

"नाही! हा मालिवानताईला घेऊन जाईल."

"नेतोय कुठे, बाई?" वीरफोन धापा टाकत म्हणाला. "आपल्याकडे जावईच सासरी राहतो. ही बघ, उशीसुद्धा आणलीय!"

नामवाननं साखळी सोडली आणि त्याला उशीसकट आत ढकललं. मग आईला म्हणाली, "धर गं, घट्ट!" आणि दारात पुन्हा साखळी ताणून उभी राहिली. या वेळी तोंड घराकडे करून.