सहा वेळा खासदार

नगराध्यक्ष लाम्ब्रोस माइकवरून देलिवोरिस साहेबांची कारकीर्द सांगत होता. सहा वेळा उभे राहिले, सहा वेळा निवडून आले. दोनदा उपमंत्री. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढच्या फुल्या दर निवडणुकीत वाढतच गेल्या. आणि पक्षाने एक सांगितलं, साहेबांनी दुसरंच मत दिलं, असं अथेन्सच्या संसदेत एकदाही घडलं नाही.

"निष्ठा म्हणतात ती ही!" लाम्ब्रोस ओरडला.

टाळ्या पडल्या. थ्रासीवुलोस देलिवोरिसने अर्धवट उठून छातीवर हात ठेवला. खाली बसता बसता त्याच्या लक्षात आलं, की चौकातली निम्मी माणसं त्याच्याकडे पाठ करून बसली आहेत.

चिनाराखालच्या टेबलाशी आरिस्तेया जार्कादा बसली होती. एकदाच खासदार झालेली बाई. तीही त्याच्याच पक्षातून, याच जिल्ह्यातून. इथलं, मेसोराखीचं इस्पितळ बंद करण्याचा ठराव संसदेत आला, तेव्हा सगळ्या पक्षात ती एकटी 'नाही' म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पक्षाने तिला काढून टाकलं. पुढे दोनदा अपक्ष उभी राहिली आणि दोन्ही वेळा सपाटून पडली. इस्पितळ व्हायचं ते बंद झालंच. इतक्या वर्षांनी ते आज पुन्हा उघडत होतं, आणि फीत थ्रासीवुलोसने कापली होती.

आजी फोटिनी पालक भरून भट्टीत भाजलेल्या पितेचं ताट घेऊन आली. गरम होती, वरचा पापुद्रा अजून फुगलेला. थ्रासीवुलोसने समोरच्या बश्या सारून जागा केली.

"जरा खुर्ची ओढा साहेब, वाट द्या," आजी म्हणाली आणि ताट घेऊन चिनाराकडे निघाली.

"आजी, आता काय तिला मतं देणार आहात?" त्याने हसून विचारलं.

"छे! मत तुम्हालाच की. सहाही वेळा. रस्ता तुम्ही केलात, नातवाला नोकरीला तुम्ही चिकटवलंत." आजी चालता चालताच म्हणाली, "मत तुमचं. पिता तिची."

आजूबाजूचे खो खो हसले. लाम्ब्रोसही हसला. थ्रासीवुलोस चिनाराकडे बघत राहिला. चिनाराखाली कुणी त्या बाईच्या गालाचा मुका घेत होतं, कुणी तिच्यापुढे कडेवरचं तान्हं धरत होतं. त्याच्यापुढे तान्ही धरली जात ती फोटोसाठी. इथे तर कुणाच्या हातात फोनसुद्धा नव्हता. एका शब्दावर ही बाई जन्मभर जेवते आहे, त्याला वाटलं. एका शब्दावर!

तो ग्लास घेऊन उठला आणि सरळ तिच्या टेबलाशी जाऊन बसला. बसलेल्यांनी मान राखून जागा करून दिली, दोघेतिघे उठूनही गेले.

"मजा आहे बुवा तुझी, आरिस्तेया," तो हळू आवाजात म्हणाला. "काम मी केलं, कौतुक तुझं."

"घ्या ना, पिता घ्या," ती म्हणाली.

"खरं सांग. तेव्हा मनात काय हिशेब होता? लोक डोक्यावर घेतील, पक्षाची सूत्रं हातात येतील, असंच ना?"

"हिशेब कसला, थ्रासो? घाम फुटला होता मला. जीभ टाळूला चिकटली होती." तिने हातातला तुकडा खाली ठेवला. "मी तर 'हो' म्हणायचं ठरवून आले होते. नावं अक्षरांच्या क्रमाने पुकारत होते. तुमचा डेल्टा, माझा झीटा, म्हणजे तुमचं नाव माझ्या आधी होतं. म्हटलं, तुम्ही जुने, तुम्हाला पक्ष हात लावणार नाही. तुम्ही 'नाही' म्हणाल, जिल्ह्याची लाज राहील, आणि मी मुकाट सुटेन."

त्याने ग्लास तोंडाला लावला.

"तुम्ही 'हो' म्हणालात," ती म्हणाली. "मग कुणी तरी म्हणायलाच हवं होतं ना?"

थ्रासीवुलोस उठला. आपल्या टेबलाशी येईपर्यंत त्याचे कान तापले होते. म्हणजे तो शब्द आधी त्याच्या पुढ्यात आला होता. त्याने पुढे ढकलला, तेव्हा तो तिच्याकडे गेला.

"काय म्हणाल्या बाई?" लाम्ब्रोसने विचारलं.

"काय म्हणणार?" तो म्हणाला, आणि शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "शूर म्हणून मिरवता ना तिला? भीतीने बोबडी वळली होती म्हणे! आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला. 'हो' म्हणायचं ठरवूनच आली होती!"

लाम्ब्रोसला हसू आवरेना. त्याने ते पलीकडच्या टेबलावर सांगितलं, त्यांनी त्याच्या पलीकडे. बघता बघता बोलणं चौकभर झालं. थ्रासीवुलोसने पाय लांब केले आणि ग्लासात त्सीपुरोची कडक दारू ओतून घेतली.

पण हसण्याचा आवाज काही येईना. माणसं एकेक करून गप्प होत होती आणि चिनाराकडे वळून बघत होती. आरिस्तेयाने मान खाली घातली होती. मग कुणीतरी ग्लास उचलला. दुसऱ्याने उचलला. मागची माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली.

आजी फोटिनी रिकामं ताट घेऊन परत येत होती. ती थ्रासीवुलोसच्या टेबलाशी थांबली.

"एवढी घाबरली होती पोर," ती डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला काय माहीत! आम्हाला वाटायचं, तिला भीती ठाऊकच नाही." मग तिने अगदी भाबडेपणाने विचारलं, "आणि तुम्हाला हो, साहेब? तुम्हाला वाटली होती का भीती?"

थ्रासीवुलोसने आठवून पाहिलं. त्या दिवशी मतदान उरकून तो मंत्र्यांबरोबर समुद्रावर मासे खायला गेला होता. मासे फार चांगले होते.

"नाही," तो म्हणाला.