पहिला घोट

"नळ उघडाच ऱ्हायला व्हय गं?" त्रिंबकनं विचारलं. रागावून नाही, हसून. तेच वच्छलाबाईला सललं.

फर्दापूरच्या अलीकडं माळावर जीप उभी होती आणि तिच्यामागं जोडलेली नवी घरगाडी. सकाळी लेणी बघायला निघताना सखूनं नळाची तोटी फिरवली, ती तशीच राहिली. बंद गाडीत पंप एकटाच घरघरत बसला. आता टाकी कोरडी, गाडीखाली चिखल. जीपची बॅटरीही त्याच तारेला, तीही उतरलेली. चावी फिरवली तर नुसतं टकटक. छपरावर सौर पाट्या होत्या, पण आभाळ झाकोळलेलं. ऊन पडेना, पाऊसही पडेना.

उरलं होतं ते तांब्याच्या बुडाशी.

"राखेनं भांडी घासली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं," सखू रडवेली झाली. "थेंब थेंब राखला अन् माझ्याच हातानं घालवला."

"असू दे की. पाणीच हाय, सोनं नाय."

गावी, देवगाव रंगारीला, एकदा वच्छलाबाईच्या हातून हंडा लवंडला होता. तेव्हा ह्याच माणसानं दिवसभर तोंड फिरवलं होतं. तिला त्यानं शेताच्या बांधापलीकडं काही दाखवलं नव्हतं. आज लेणी दोघींनी बघितली. चढावर हात धरला तो मात्र सखूचा.

वच्छलाबाई बोलली नाही. सखू घरात आली त्या दिवसापासून ती बोललीच नव्हती. पण तिचा एक मान होता. पाण्याचा पहिला घोट तिचा, भाकरीचा पहिला तुकडा तिचा. सखू त्यात कधी चुकली नव्हती. एकदा तरी चुकावी, म्हणून वच्छलाबाई टपून होती. चुकली की कसं छळायचं, तेही मनाशी ठरलेलं होतं.

सखूला पाचवा महिना. चढण बाधली होती, ओठ सुकले होते. त्रिंबकनं तांब्या तिच्या हाती दिला.

"सगळं पी. म्या चालत जाऊन कॅन भरून आणतो."

"आधी आक्कास्नी."

"एवढ्याशा पाण्यात काय वाटण्या करती? तिला एक दिस नाय मिळालं तर काय बिघडतंय?"

सखूनं तांब्या वर उचलला. वच्छलाबाईच्या अगदी जवळून तो ओठांकडं गेला. आता चुकणार.

तांब्या थांबला.

"नगं," सखू म्हणाली. "घर त्यांचं, म्या मागनं आल्याली. त्यांच्या वाट्याचं पिऊन माझं लेकरू सुखानं वाढंल व्हय?"

वच्छलाबाईच्या आत काहीतरी विरघळलं. पी गं बाई, तूच पी आधी, असं तिला लई सांगावंसं वाटलं.

सखूनं पदर सारला, मंगळसूत्राशेजारी ओवलेला मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक तळहातावर घेतला आणि पहिलं पाणी त्याच्यावर सोडलं.